कापोएरातली हास्तेइरा: समोरच्याचा पाय कसा काढून घ्यायचा

एक लिटरची पाण्याची बाटली अर्धी भरा, टोपण घट्ट लावा आणि गुळगुळीत फरशीवर उभी ठेवा. अनवाणी पायाचा आकडा करून तो बाटलीच्या मागे, अगदी तळाशी लावा आणि ती न पाडता हातभर ओढून आणा. पाय थोडा जरी आपटला तरी बाटली आडवी होते. आधी टेकवून मग ओढला, तर उभीच्या उभी सरकत येते.

मला पहिले दोन आठवडे एवढंच करायला लावलं होतं, आणि त्याला कारण घडलं होतं. सरावात मी जोडीदाराच्या घोट्यावर नडगीने असा काही तडाखा दिला की तो लंगडत बाहेर गेला आणि महिनाभर आला नाही. तो पडला मात्र नव्हता. म्हणजे इजा झाली आणि डाव लागलाच नाही. हास्तेइरा, म्हणजे आपल्या पायाने समोरच्याचा उभा पाय ओढून त्याला पाडण्याचा डाव, चुकते ती बहुतेक वेळा अशीच: आपण लाथ मारतो आणि तिला हास्तेइरा म्हणतो.

कापोएरा, म्हणजे वाद्यांच्या तालावर खेळली जाणारी ब्राझीलची लढण्याची कला, शिकायला लागून सहा-आठ महिने झालेत, जिंगा बऱ्यापैकी बसली आहे, खाली वाकून लाथा चुकवता येतात, अशांसाठी हे लिहिते आहे. जिंगा म्हणजे तो सतत चालू असलेला पायांचा झोका, ज्यातून कापोएरातलं सगळं निघतं. तो अजून अंगात मुरला नसेल, तर पाडण्याच्या डावांची घाई करू नका.

शब्द आणि त्यामागची गोष्ट

पोर्तुगीजात हा शब्द लिहिताना सुरुवातीला ‘र’ असतो, पण ब्राझीलमध्ये त्याचा उच्चार ‘ह’ होतो. म्हणून हास्तेइरा. खेळाचं वर्तुळ, ज्याला आपण वाचताना ‘रोडा’ म्हणतो, तेही तिकडे ‘होदा’. मूळ शब्दाचा अर्थ जमिनीलगतचं, सरपटणारं. डावाचं अर्धं तंत्र नावातच आहे: पाय जमीन सोडत नाही. ब्राझीलच्या रोजच्या बोलण्यात कुणी कुणाला दगा दिला की ‘त्याने हास्तेइरा घातली’ म्हणतात. आपल्याकडे तंगडीत तंगडी घालतात, तसंच.

मराठी माणसाला सगळ्यात जवळचा वाटावा असा शब्द मात्र ‘मेस्त्रे’. कापोएरातल्या गुरूला मेस्त्रे म्हणतात, आणि आपला सुतारकाम-गवंडीकाम करणारा मेस्त्री त्याच पोर्तुगीज शब्दातून आला आहे. हाताने काम करून दाखवणारा जाणता माणूस, हा अर्थ दोन्हीकडे टिकला.

लाल मातीतली कुस्ती पाहिलेल्यांना टांग आणि आकडी माहीत असते. तिथे आधी हाताची पकड बसते, मग पाय काम करतो. हास्तेइरात पकड नाही. समोरच्याला हात न लावता त्याचा पाय काढायचा असतो, त्यामुळे जोर कुठून आणायचा हा प्रश्नच वेगळ्या रीतीने सुटतो: त्याचं वजन आणि त्याचीच गती वापरून.

कापोएरा ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांची आणि त्यांच्या वंशजांची कला. गुलामगिरी 1888 मध्ये कायद्याने संपली आणि लगेच 1890 च्या दंडसंहितेत कापोएरा हाच गुन्हा ठरला. रस्त्यावर खेळणाऱ्याला दोन ते सहा महिने कैद. पुढे साल्वादोर शहरात मेस्त्रे बिंबा यांच्या शाळेला 1937 मध्ये सरकारी मान्यता मिळाली. त्यांची शैली हेजिओनाल. मेस्त्रे पास्तिन्या यांनी 1941 मध्ये त्याच शहरात आंगोला शैलीचं केंद्र उभं केलं. हास्तेइरा दोन्ही शैलींत आहे.

आंगोलाच्या जुन्या खेळाडूंबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. रविवारचे पांढरेशुभ्र कपडे घालून ते होदात उतरत आणि डाग न लागता बाहेर पडत. जमिनीला तळहात, पावलं आणि डोकं एवढंच लागू द्यायचं. हास्तेइराने माणसाची बैठक धुळीला टेकवणं म्हणजे काय, ते त्या पांढऱ्या पँटवरून समजतं.

आधी पडायला शिका

ज्याला पडता येत नाही, त्याच्यावर हास्तेइराचा सराव करायचा नाही. तुम्हाला पडता येत नसेल, तर कुणाला तुमच्यावर करू द्यायचा नाही.

मागे पडण्यासाठी ‘केदा जि क्वात्रो’ शिका, म्हणजे चौघांवर पडणं: दोन हात, दोन पाय. अर्ध्या बैठकीतून सुरुवात करा. हनुवटी छातीकडे, हात मागे, तळवे जमिनीवर, बोटं बाहेरच्या बाजूला. कोपरं ताठ ठेवू नका. कोपरं ताठ असली की सगळा दणका मनगटात आणि खांद्यात जातो. कोपरं किंचित वाकवून दणका जिरवायचा आणि बैठक जमिनीपासून वीतभर वरच थांबवायची. हे रोज वीस वेळा करा. आठवडाभराने उभ्यातून करा.

पडल्यावर तिथेच थांबायचं नाही. लगेच ‘होले’ करून, म्हणजे जमिनीलगत हातांवरून कूस बदलून, बाजूला निघा. पडणं आणि निघणं ही एकच हालचाल होईपर्यंत पुढे जाऊ नका. माझ्या मते यावर पूर्ण महिना घालवला तरी तो वाया जात नाही. पडण्याची भीती गेली की लाथा मोकळ्या होतात, आणि भीती धरून खेळणारा जोडीदार ऐनवेळी पाय आखडून स्वतःचा गुडघा दुखवून घेतो.

जागा नीट पाहून घ्या. लाकडी किंवा गुळगुळीत फरशी उत्तम. गच्चीवर खरखरीत सिमेंट असेल तर पावलाची कड सोलवटते आणि उभा पाय सरकण्याऐवजी अडकतो. अडकलेल्या पायावर गुडघा पिळतो, आणि ती दुखापत वाईट. जाड रबरी मॅटवर बूट घालूनही हाच धोका. पावसाळ्यात ओल्या फरशीवर सराव नको.

जमिनीवरची हास्तेइरा

हा मूळ डाव. जोडीदाराला ‘मेया लुआ जि कोंपासो’ मारायला सांगा, अगदी सावकाश. या लाथेत माणूस पाठमोरा वळतो, कमरेत खाली वाकतो, हात जमिनीवर टेकतो आणि टाच गोल फिरवून आणतो. वजन एका पायावर असतं आणि तोच पाय आपल्याला हवा आहे.

1. लाथ ज्या दिशेला चालली आहे, त्याच दिशेला खाली झुका. लाथेच्या समोरून जाऊ नका. नजर त्याच्या कमरेवर. पायाकडे पाहत बसलात की उशीर होतो, शिवाय तुमचा बेत त्याला कळतो.

2. एक पाय गुडघ्यात दुमडून त्याच्या चवड्यावर बसा, दुसरा पुढे लांब करा. ही नेगाचीवा. सुरुवातीला एक हात जमिनीवर, दुसरा चेहऱ्यासमोर. कोणता हात कुठे, हे गटागटात वेगळं शिकवतात. तुमचे शिक्षक सांगतील तसं करा.

3. लांब केलेला पाय जमिनीवरून सरकवत त्याच्या उभ्या पायाकडे न्या. पावलाची बाहेरची कड फरशी घासत जाऊ द्या. पाऊल हवेत उचललंत की ते पोटरीवर किंवा गुडघ्यावर लागेल.

4. घोटा वाकवून बोटं नडगीकडे ओढा आणि पाऊल थोडं आत वळवा. हा आकडा त्याच्या टाचेच्या मागे, घोट्याच्या खाली बसला पाहिजे. आपल्या पावलाचा वरचा भाग आणि त्याची टाच यांत फट राहायला नको.

5. इथे क्षणभर थांबा. सरावात हा थांबा मुद्दाम घ्या. तो मूठभर क्षणच हास्तेइराला लाथेपासून वेगळं काढतो.

6. दोन्ही हात जमिनीवर आणा आणि कमरेतून वळत पाय ओढा. मांडीच्या जोराने नाही, धड फिरवून. पाय जमिनीवर कमान काढत यायला हवा.

7. त्याचा पाय सुटला की सोडून द्या. वर धरून ठेवू नका, उचलू नका. होले करून बाहेर पडा आणि नजर त्याच्यावरच ठेवा.

ओढायची दिशा लक्षात ठेवायला एक खूण: त्याची बोटं जिकडे, तिकडे ओढा. उभा पाय बोटांच्या दिशेने सहज घसरतो. आडवा रेटलात तर घोटा आणि गुडघा अडून बसतात.

विळ्याने गवत कापणाऱ्याकडे पाहिलं असेल तर सहावी पायरी लगेच समजेल. विळा गवतावर मारत नाहीत. मुळाशी लावतात आणि आपल्याकडे ओढतात. माझ्या आजीच्या हाताची ती ओढ मला हास्तेइरा शिकताना आठवली, आणि शिक्षकांनी दहा वेळा सांगून जे कळलं नव्हतं ते त्या आठवणीने पायात उतरलं.

वेळ साधणं

पायऱ्या महिन्याभरात येतात. वेळ साधायला वर्षं जातात, म्हणून यावर जरा थांबते.

दोन्ही पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाला हास्तेइरा लागत नाही. वजन दोन पायांवर वाटलेलं असतं. एक ओढलात तर तो दुसऱ्यावर जातो, आणि तुम्ही मात्र त्याच्या पायाशी जमिनीवर पडलेले असता. मग तो लाथ मारेल ती तुमच्या डोक्याच्या उंचीवर. तेव्हा उघडी संधी दोनच वेळा मिळते.

पहिली, तो लाथ मारत असताना. एक पाय हवेत गेला की सगळं वजन दुसऱ्यावर. पाय नुकताच सुटला तेव्हा नको, कारण तो लाथ अर्ध्यात सोडून पाय परत टेकवू शकतो. लाथ परत खाली येत असताना नको, कारण तोवर वजन वाटलं गेलेलं असतं. लाथ तुमच्या डोक्यावरून जाते तो क्षण धरायचा. लाथेचा वाराच तेव्हा त्याला ओढून नेत असतो. तुम्ही फक्त खालचा आधार काढून घेता. मेया लुआ जि कोंपासोत आणखी एक अडचण: त्याचे हात जमिनीवर असतात. उशीर केलात तर पाय गेला तरी तो हातांवर तोल सावरून निघून जातो.

दुसरी संधी त्याच्या जिंगात दडलेली असते. पाऊल मागून पुढे येतं, टेकतं आणि त्यावर वजन येतं. टेकता टेकता, वजन यायच्या आत, ते पाऊल त्याच्याच चालीच्या दिशेने थोडं पुढे नेलं की त्याचा अंदाज चुकतो. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं. याला जोर जवळपास लागतच नाही. पण समोरच्याची लय आपल्या अंगात भिनलेली असावी लागते, आणि ती पायाने नाही, कानाने येते.

म्हणून वाद्यांकडे लक्ष द्या. होदाचा जीव बेरिंबावमध्ये: लाकडी धनुष्य, तार, आणि तळाशी पोकळ भोपळा. आंगोला हा संथ ताल लागला की दोघं त्याच लयीत खाली, जवळजवळ खेळतात. सांव बेंतो ग्रांजि लागला की खेळ उभा आणि वेगाचा होतो. समोरचा कुठल्या ठोक्यावर पाऊल टाकतो हे ऐकू यायला लागलं की पायाकडे बघावं लागत नाही. मला हे कळायला तिसरं वर्ष उजाडलं, तेही बेरिंबाव हातात घेऊन वाजवायला लागल्यावर.

कोणत्या लाथेवर काय, ते थोडक्यात. ‘मार्तेलो’ ही बाजूने डोक्याकडे येणारी लाथ. ती मारताना माणूस उंच आणि ताठ उभा असतो, म्हणून हास्तेइरासाठी सगळ्यात सोपी. ‘बेंसाउं’ ही समोरून छातीवर ढकलणारी लाथ; बाजूला सरकून आत शिरलात तर उभा पाय उघडा मिळतो, पण सरळ रेषेत राहिलात तर छातीवरच बसेल. ‘आर्मादा’ गिरकी घेऊन मारतात. तिला हास्तेइरा लागते, मात्र गिरकीचा वेग असल्याने माणूस जोरात आपटतो. नवशिक्यांनी आर्मादावर पाय नुसता लावावा, ओढू नये.

उभ्याने

उभ्याची हास्तेइरा जवळच्या अंतरावर कामाला येते. उभ्या पायाचा गुडघा वाकवून कमर खाली घ्या, धड थोडं मागे आणि बाजूला, एक हात चेहऱ्यासमोर. पाय सरळ ठेवून पावलाचा आकडा त्याच्या टाचेमागे लावा आणि जमीन घासत ओढा. इथे हातांचा आधार नाही, म्हणून कमर खाली नसली की स्वतःच आडवे होता. तीन-चार मार्तेलोंवर करून पाहा; कमर किती खाली हवी ते आपोआप कळेल.

‘बांदा’ हे याचं जवळचं भावंड. त्यात नुसता पाय नाही, अंगही भिडतं. तुमचा पाय त्याच्या पायामागे जातो आणि खांदा किंवा हात त्याचा छातीचा भाग उलट दिशेला नेतो. कुस्ती खेळलेल्यांना हे लगेच जमतं.

‘विंगाचीवा’ यापुढची. त्याच्या बाजूने खोल शिरून पाय त्याच्या मागे रोवायचा, कमर त्याच्याहून खाली न्यायची आणि कोपर-पाठीने मागे लोटायचं. ‘बोका जि काल्सा’ म्हणजे शब्दशः पँटचं तोंड: पायघोळ पँटच्या खालच्या काठांना धरून ओढायचं. आंगोलातले जुनेजाणते हे इतक्या सहज करतात की पडणाऱ्याला हसू येतं.

‘तेझोरा’बद्दल मात्र मी ठाम आहे. तेझोरा म्हणजे कात्री: दोन पायांत समोरच्याला पकडून पाडणं. जमिनीवर सरपटत केलेली संथ तेझोरा हा सुंदर खेळ आहे. तिला बाहेर पडायची वाटही असते. उडी मारून, उभ्या माणसाच्या पायांवर बाजूने वजन टाकून केलेली तेझोरा गुडघा मोडू शकते. जूदोत या जातीचा डाव स्पर्धांत बंद आहे. शिक्षक समोर नसताना व्हिडिओ पाहून तो करून बघू नका.

सराव कसा लावायचा

एकट्याने: जुना टॉवेल पावलाखाली घ्या आणि नेगाचीवातून फरशीवर अर्धी वर्तुळं काढा, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा. टॉवेल पावलाखालून निसटला तर पाय उचलला जातो आहे. मग बाटली.

जोडीने: पहिला आठवडा जोडीदाराने लाथ वर नेऊन थांबायचं, तुम्ही पाय लावायचा, दोघांनी तसंच थांबून पाहायचं की आकडा टाचेमागे बसला का. ओढायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात संथ लाथ, संथ ओढ, आणि जोडीदाराने ठरवून केदा जि क्वात्रो. तिसऱ्यापासून वेग वाढवा, पण जोडीदाराला माहीत असू द्या. कोणती लाथ येणार हे न सांगता खेळणं पुढच्या महिन्यात.

मनगटं आधी मोकळी करून घ्या. आदल्या आठवड्यात घोटा मुरगळला असेल, तर पाय लावण्याचासुद्धा सराव नको.

स्वतः वाचायचं असेल तर लाथ मारताना उभा गुडघा वाकलेला ठेवा आणि मारलेला पाय लवकर परत आणा. पाय गेलाच, तर त्याच्याशी झटू नका. तो जिकडे ओढला जातो आहे तिकडेच हात टेकवून ‘आऊ’, म्हणजे आपली चाकासारखी कोलांटी, करून निघा. अडून राहिलात तर बैठक आपटेल.

होदात उतरल्यावर

सरावातली हास्तेइरा आणि होदातली हास्तेइरा यांत एक मोठा फरक आहे: होदात बहुतेक वेळा ती पूर्ण करायची नसते. पाय जाऊन टाचेमागे लागतो, क्षणभर तिथे राहतो आणि मागे येतो. समोरच्याला कळतं, भोवती टाळ्या वाजवणाऱ्यांना कळतं, बेरिंबाववाल्याला कळतं. याला ‘मार्कार’ म्हणतात, खूण करणं. आंगोलात तर यालाच जास्त मान आहे. पाडू शकत होतो आणि पाडलं नाही, हे दाखवायला वेळ आणि तोल दोन्ही पक्के लागतात.

पूर्ण कधी करायची? समोरचा तुमच्या तोडीचा किंवा वरचढ असेल, खेळाचा वेग दोघांनी वाढवलेला असेल, आणि त्याला पडता येतं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असेल तेव्हा. नवख्यावर कधीही नाही. याला अपवाद बाचिझादोचा, म्हणजे पहिला पट्टा मिळतो त्या समारंभाचा. तिथे आजकाल बहुतेक गटांत मेस्त्रे नव्या विद्यार्थ्याला ठरवून एकदा पाडतात, आणि ते पाडणं इतकं हलकं असतं की माझ्या वेळी खाली बसल्यावरच मला कळलं की पाय गेला.

पाडल्यावर हात द्यायला पुढे जाल, तेव्हा दुसरा हात चेहऱ्यासमोर असू द्या. तुमचा हात धरून तो तुमचाच उभा पाय काढेल, आणि होदात ते रीतीला धरूनच आहे.